लॅपटॉपशिवाय प्रवासात फोटोंचा बॅकअप कसा घ्यावा

लॅपटॉप घरी ठेवून आठ-दहा दिवसांच्या सहलीला निघालेल्यांचे फोटो जातात, ते बहुधा सामान अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे. कॉपी पूर्ण झाली की नाही हे न पाहताच कार्ड रिकामे केले जाते किंवा दोन्ही प्रती एकाच बॅगेत ठेवल्या जातात आणि ती बॅगच हरवते.

खालील पद्धत एक कॅमेरा, एक फोन आणि एक छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली, फोनला बाहेरून जोडायची डिस्क) एवढ्या सामानावर बेतली आहे. उदाहरणासाठी लडाखमधील लेह, नुब्रा, पँगाँग आणि हानले अशी आठ दिवसांची सहल धरली आहे, कारण तेथे नेट, वीज आणि उंची या तिन्ही अडचणी एकदम समोर येतात. सोपी जागा असेल तर एखादी पायरी गाळता येईल, पण क्रम बदलू नये.

## टप्पा १: जागेचा हिशेब आधी करावा

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चांगल्या दर्जाची जेपेग फाइल साधारण १० एमबीची असते आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबीची. दोन्ही एकदम साठवणाऱ्याने दिवसाला ४०० फोटो काढले, तर १५-१६ जीबी जागा जाते. व्हिडिओ त्याहून खादाड असतो: १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रित केलेला फोर-के व्हिडिओ मिनिटाला सुमारे ७५० एमबी खातो, म्हणजे दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी दहा मिनिटे चित्रण केले तरी साडेसात जीबी होतात. दोन्ही मिळून दिवसाला २३ जीबी आणि आठ दिवसांचे १८०-१८५ जीबी. हानलेला ताऱ्यांच्या रेषा टिपणाऱ्यांनी त्यात भर घालावी, कारण तीस-तीस सेकंदांची उघडीप (एक्सपोजर) सलग दोन तास चालवली की एका रात्रीत २४० फ्रेम होतात.

या हिशेबावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे, ६४ जीबीची चार कार्डे आणि ५०० जीबीची एक एसएसडी एवढे पुरते. एकच २५६ जीबीचे कार्ड घेण्यापेक्षा चार लहान कार्डे बरी, कारण एक खराब झाले किंवा हरवले तरी सगळी सहल त्याच्याबरोबर जात नाही. दुसरी म्हणजे, क्लाउड ही प्रवासातली मुख्य प्रत होऊ शकत नाही. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला, तर २३ जीबी चढायला दहा तासांहून जास्त लागतात, आणि दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनमध्ये तेवढा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर उतरतो.

## टप्पा २: सामान घरीच जमवून तपासावे

डिस्क. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क लडाखला नेऊ नये. तिचे वाचक टोक तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते, आणि हवा विरळ झाली की ते अंतर कमी होते. म्हणूनच अशा बहुतेक डिस्कच्या तपशिलात वापराची कमाल उंची सुमारे ३,००० मीटर दिलेली असते. लेह शहरच ३,५०० मीटरच्या आसपास आहे आणि खारदुंग ला ही खिंड ५,००० च्या वर. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तिला हा प्रश्न येत नाही, शिवाय ती फोनकडून वीजही कमी ओढते.

फॉरमॅट. एसएसडी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ या जुन्या पद्धतीमध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओ अडकतो. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत अनेक फोन उघडत नाहीत किंवा त्यावर लिहू देत नाहीत. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे सगळे जाते, म्हणून हे काम घरच्या संगणकावर, निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी करावे. डिस्कला पासवर्ड लावायचा असेल तर तो फोनवर उघडतो का, हे आधी पाहावे. काही डिस्कचे कुलूप फक्त संगणकावरच्या सॉफ्टवेअरनेच उघडते.

फोन आणि जोडणी. अँड्रॉइड फोनला ओटीजीची, म्हणजे बाहेरची डिस्क जोडू देणारी, सोय लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती सेटिंगमधून चालू करावी लागते आणि थोडा वेळ वापर नसला की ती आपोआप बंद होते, त्यामुळे डिस्क दिसत नाही म्हणून गोंधळण्यापूर्वी हे सेटिंग पाहावे. आयफोनमध्ये बाहेरची डिस्क फाइल्स अॅपमधून उघडते. ही सोय २०१९ मधील आयओएस १३ पासून आहे. २०२३ मधील आयफोन १५ पासून टाइप-सी जोडणी आहे, आधीच्या फोनसाठी चार्जिंगची वेगळी जागा असलेला अॅडाप्टर लागतो. या सगळ्यांच्या मध्ये एक टाइप-सी हब घ्यावा, ज्याला एसडी कार्डाची खाच, डिस्कसाठी यूएसबी आणि बाहेरून वीज देण्याचे तोंड अशा तिन्ही गोष्टी असतील. हब असला की फाइली कार्डावरून थेट डिस्कवर जातात आणि फोनची जागा भरत नाही.

केबल. पॉवर बँकेसोबत आलेली केबल पुष्कळदा फक्त चार्जिंगपुरती असते आणि तिच्यातून डेटा जात नाही. डिस्कसोबत आलेली केबल वेगळ्या पिशवीत, नाव लिहून ठेवावी.

पॉवर बँक. विमानात ती हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि मर्यादा साधारणपणे १०० वॉट-अवरची असते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची भरते, त्यामुळे ती बिनघोर नेता येते. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांनाही हातातल्या सामानाचाच नियम लागू आहे.

कार्डे. स्वस्तात घेतलेले कार्ड २५६ जीबी दाखवते आणि प्रत्यक्षात ३२ जीबीचे निघते, असे बनावट कार्डांत होते. पहिले ३२ जीबी नीट लिहिले जातात आणि पुढचे फोटो नावापुरते दिसतात. नवे कार्ड घरच्या संगणकावर एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहावे. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर नेमके हेच करते. मग प्रत्येक कार्डावर १, २, ३, ४ असे आकडे लिहावेत.

कॅमेरा. तारीख आणि वेळ बरोबर करावी. फाइल क्रमांकाचे सेटिंग ‘सलग’ ठेवावे, ‘प्रत्येक कार्डाला नव्याने’ असे ठेवू नये. याचे कारण टप्पा ३ मध्ये येईल.

खात्याच्या चाव्या. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. याचा अर्थ प्रीपेड नंबरवर येणारा ओटीपीही तेथे येणार नाही. फोन हरवला आणि सोबत्याच्या फोनवरून गुगल खाते उघडायचे झाले, तर अडकायला होते. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात दहा बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर उतरवून पाकिटात ठेवावेत.

> तपासणी: निघण्यापूर्वी घरी एक रंगीत तालीम करावी. पन्नास फोटो आणि एक लांब व्हिडिओ काढून ते सगळे हबमधून डिस्कवर न्यावे आणि डिस्क घरच्या दुसऱ्या एखाद्या फोनला किंवा संगणकाला जोडून उघडून पाहावी. येथे अडलेले काम पँगाँगच्या काठावर सुटणार नाही.

## टप्पा ३: संध्याकाळची कॉपी, याच क्रमाने

पँगाँगच्या काठावरील अनेक कॅम्पमध्ये वीज संध्याकाळी ठराविक वेळेपुरतीच असते, त्यामुळे कॉपीचे काम जेवणानंतर नव्हे, तर खोलीवर पोहोचताच सुरू करावे. थंडीतून आत आल्यावर कॅमेरा आणि कार्ड लगेच न उघडता बॅगेतच थोडा वेळ राहू द्यावे, म्हणजे त्यांवर दव जमत नाही.

1. फोन निदान अर्धा चार्ज असावा. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवावी किंवा ती सोय तात्पुरती बंद ठेवावी.
2. कार्डाच्या डाव्या कडेची छोटी खिटी खाली सरकवून ते लॉक करावे. आता त्यावर काही लिहिले किंवा पुसले जाऊ नये. मायक्रो एसडी कार्डाला ही खिटी नसते, मात्र ते मोठ्या अॅडाप्टरमध्ये घातले की अॅडाप्टरची खिटी वापरता येते.
3. आधी हबला वीज द्यावी, मग फोन, मग डिस्क आणि शेवटी कार्ड जोडावे.
4. डिस्कवर आजच्या तारखेचा आणि कार्डाच्या आकड्याचा फोल्डर करावा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले की फोल्डर आपोआप ओळीत लागतात: २०२६-०६-१२ कार्ड २.
5. कार्डावरचे सर्व फोल्डर निवडून ‘कॉपी’ करावे. ‘मूव्ह’ किंवा ‘कट’ कधीही वापरू नये, कारण मध्येच वायर हलली तर फाइल धड इकडे नाही आणि धड तिकडेही नाही, अशी अवस्था होते.
6. कॉपी चालू असताना फोन हातात घेऊन रील पाहत बसू नये. अॅप मागे गेले की काही फोन ते बंद करतात.

> सावधान: कार्ड जोडताच अँड्रॉइड फोनने ‘हे कार्ड वापरण्यासाठी सेट अप करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असे विचारले, तर मागे यावे. याचा अर्थ कार्ड खराब आहे असा नसतो. तो फोन त्या कार्डाची पद्धत ओळखत नाही, एवढाच पुष्कळदा असतो. त्या बटणाला बोट लागले, तर दिवस गेला.

सर्व फोल्डर म्हणजे खरोखर सर्व. फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून बरेचजण तेवढाच उचलतात. सोनीच्या कॅमेऱ्यात मात्र व्हिडिओ वेगळ्या जागी, ‘प्रायव्हेट’ या फोल्डरच्या आत ‘एम४रूट’ आणि त्याच्या आत ‘क्लिप’ अशा घरात असतात. फक्त डीसीआयएम कॉपी करणाऱ्याचे सगळे फोटो येतात आणि सगळे व्हिडिओ राहतात, आणि हे कळते कार्ड फॉरमॅट केल्यावर.

‘रिप्लेस’ विचारले तर थांबावे. कॅमेऱ्याचे क्रमांक प्रत्येक कार्डाला नव्याने सुरू होत असतील, तर कार्ड १ वर डीएससी ०००१ असतो आणि कार्ड २ वरही डीएससी ०००१. नुब्रातील उंटांचा फोटो आणि पँगाँगचा सूर्योदय यांचे नाव एकच. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकले की फोन विचारतो: बदलू, वगळू, की दोन्ही ठेवू? दमलेला माणूस ‘बदला’ आणि ‘सर्वांसाठी लागू’ यांवर बोट ठेवतो आणि पहिल्या दिवसाच्या जागी दुसरा दिवस बसतो. प्रत्येक दिवसाला आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर असला की हा प्रश्न फोनने विचारायचे कारणच उरत नाही. त्यामुळे विचारला, तर आपण चुकीच्या फोल्डरमध्ये आहोत असे समजावे.

## टप्पा ४: कॉपी खरी झाली का, हे पाहणे

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे. हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणजे फोन थांबला, एवढेच कळते.

1. कार्डावरील आणि डिस्कवरील फाइलींची संख्या एकाच अॅपमध्ये पाहावी आणि जुळवावी.
2. एकूण आकार जुळवावा. हेही एकाच अॅपमध्ये करावे, कारण काही अॅप १,००० च्या आणि काही १,०२४ च्या हिशेबाने जीबी मोजतात. मग तोच मजकूर एकीकडे १६ जीबी आणि दुसरीकडे १४.९ जीबी दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो.
3. डिस्कवरचा पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून पूर्ण मोठा करावा. खालच्या अर्ध्या भागात करडी पट्टी दिसली तर फाइल अर्धवट आली आहे.
4. सर्वांत मोठ्या व्हिडिओची शेवटची दहा सेकंदे चालवून पाहावीत.

रॉ फाइलींच्या बाबतीत तिसरी पायरी फसवी आहे. रॉ फाइलीच्या आत जेपेगची एक लहान प्रत आधीच ठेवलेली असते आणि फोन बहुधा तीच दाखवतो. फाइलीचा मागचा भाग कापला गेला तरी ही प्रत स्वच्छ दिसू शकते. म्हणून रॉ फाइलींसाठी डोळ्यांवर न जाता आकारावर जावे: अठ्ठावीस-तीस एमबीच्या रांगेत एखादी फाइल ६ एमबीची दिसली, तर ती पुन्हा कॉपी करावी.

डिस्क काढताना अँड्रॉइडवर आधी ‘इजेक्ट’ करावे. आयफोनच्या फाइल्स अॅपमध्ये असे बटण नसल्याने कॉपीचे वर्तुळ नाहीसे झाल्यावर थोडे थांबून, मग वायर काढावी.

## टप्पा ५: दोन प्रती, दोन बॅगा

आता कार्ड आणि डिस्क अशा दोन प्रती झाल्या. कार्डे कॅमेऱ्याच्या बॅगेत आणि डिस्कही त्याच बॅगेच्या कप्प्यात ठेवली, तर केलेल्या श्रमाचा अर्धा उपयोग गेला. डिस्क कपड्यांच्या बॅगेत किंवा त्याहून बरे म्हणजे सोबत्याकडे द्यावी. भरलेली कार्डे लॉक करून छोट्या डबीत, उलटी ठेवावीत, म्हणजे कोणते भरले आणि कोणते रिकामे हे अंधारातही कळते.

कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दुसऱ्या खाचेत ‘बॅकअप’ निवडावे, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उमटतो. मात्र ‘ओव्हरफ्लो’ निवडले असेल, तर दुसरे कार्ड पहिले भरल्यावरच वापरात येते आणि प्रत होत नाही. दोन्ही कार्डे एकाच कॅमेऱ्यात असल्याने कॅमेरा चोरीला गेला तर दोन्ही जातात, म्हणून डिस्कचे काम चुकत नाही.

## टप्पा ६: फोनवर काढलेले फोटो

फोनवरचे फोटोही डिस्कवर न्यावेत. अँड्रॉइडवर डीसीआयएममधील ‘कॅमेरा’ फोल्डर सरळ कॉपी होतो. आयफोनमध्ये फोटो निवडून शेअरच्या यादीतील ‘एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ वापरावे, म्हणजे मूळ फाइल जाते.

आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल, तर जागा कमी पडताच मूळ फोटो आयक्लाउडवर राहतात आणि फोनमध्ये लहान प्रती उरतात. हानलेसारख्या ठिकाणी नेट मिळाले नाही, तर अशा फोटोंची मूळ प्रत डिस्कवर नेता येत नाही. निघण्यापूर्वी फोनमध्ये पुरेशी जागा मोकळी करून ‘मूळ प्रती फोनमध्ये ठेवा’ हा पर्याय निवडावा.

## टप्पा ७: लेहला नेट मिळाल्यावर

क्लाउडवर सगळे चढवायचा हट्ट धरू नये. दिवसातले सर्वांत चांगले वीस-तीस जेपेग निवडून तेवढेच चढवावेत. दोन्ही बॅगा गेल्या तरी निदान तेवढे राहतात.

- गुगल खात्यात मोफत जागा १५ जीबी असते आणि तिच्यात जीमेल व ड्राइव्हचाही वाटा असतो. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी आहे. हिशेब निघण्यापूर्वी पाहावा.
- गुगल फोटोजमध्ये ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडावी. ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ १०८० पीवर येतो.
- कॅमेऱ्याच्या अॅपमधून वाय-फायने फोनवर आलेले फोटो मूळ आकाराचे आहेत का, हे पाहावे. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये आपोआप येणारे फोटो दोन मेगापिक्सेलचे असतात. ते स्टेटसला ठीक, बॅकअपला नाहीत.
- व्हॉट्सअॅपवर घरी पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. एरवी ते आकुंचन पावतात.

> सावधान: गुगल फोटोज हा आरसा आहे, तिजोरी नाही. अॅपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात ६० दिवस राहतो, पुढे नाही. ‘फ्री अप स्पेस’ हे बटण फोनमधल्या प्रती काढते, म्हणजे क्लाउडवरची प्रत एकमेव उरते. प्रवासात ते वापरू नये.

## टप्पा ८: कार्ड पुन्हा वापरायची वेळ आली तर

हिशेब बरोबर असेल तर ही वेळ येत नाही, आणि येऊ नये म्हणूनच टप्पा १ आहे. लेहच्या बाजारात कार्ड मिळत असेल, तर दोन पैसे जास्त देऊन ते विकत घ्यावे. ते शक्यच नसेल, तर कार्डाखेरीज आणखी दोन ठिकाणी प्रत असेल तरच कार्ड रिकामे करावे. डिस्क ही एक प्रत. दुसरी सोबत्याच्या फोनमध्ये, त्याच्याकडच्या दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर असू शकते, पण तीही टप्पा ४ प्रमाणे उघडून पाहिलेली असावी. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातूनच करावे, फोनमधून नव्हे, आणि तेही सकाळी, ताज्या डोक्याने.

चुकून कार्ड फॉरमॅट झालेच, तर त्याच क्षणी ते बाहेर काढून लॉक करावे. त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल, तर घरी संगणकावरील सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळू शकतात. एकही नवा फोटो काढला, तर ती शक्यता कमी होते.

## टप्पा ९: घरी आल्यावर

संगणकावर फोटो उतरवताना डिस्कवरून आणि कार्डांवरून अशा दोन्हीकडून न उतरवता आधी डिस्कवरून उतरवावेत आणि मग संख्येचा ताळा कार्डांशी घ्यावा. कमी पडलेल्या फाइली तेवढ्या कार्डावरून घ्याव्यात. संगणकावरची प्रत आणि घरातील दुसऱ्या डिस्कवरची प्रत अशा दोन प्रती उघडून पाहिल्यावरच कार्डांचे लॉक काढावे. प्रवासी डिस्क मात्र महिनाभर तशीच राहू द्यावी, कारण एखादा फोल्डर राहून गेल्याचे लक्षात येते ते नातेवाईक फोटो मागू लागल्यावर.